मस्टाव, कुडाव आणि बेन

समोरचा माणूस लांबण लावू लागला की बेन डोळे मिटून घ्यायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." दूधवाल्याला म्हणायच्या, मतं मागायला आलेल्या उमेदवाराला म्हणायच्या, आणि एकदा तर शेजारच्या सत्यनारायणात कथा सांगणाऱ्या भटजींनाही म्हणाल्या. भटजींनी पोथीतून डोकं वर काढलं.

"काय झालं?"

"तीन मिनिटं. पुढे वाढवायचं आहे का?"

आम्ही तरुण मंडळी एकमेकांकडे बघत राहिलो. भिंतीला टेकून बसलेले म्हातारे मात्र पोट धरून हसायला लागले. त्यांना ट्रंक कॉलचे दिवस आठवत होते. दुसऱ्या गावाला फोन लावायचा तर आधी बुक करायचा, तासन् तास वाट बघायची, आणि लागला की तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानं बोलायचं. वेळ भरत आली की एक्स्चेंजमधली ऑपरेटर मध्येच तोंड घालून सांगायची. डहाणूला तो आवाज बेनचा होता. अर्ध्या गावानं आपली सुखदुःखं त्या आवाजाच्या धाकात उरकलेली होती.

मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण हेडफोनच्या पट्टीनं डोक्यावर, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, केस विरळ करून ठेवले होते. मधोमध भांग असतो, तसा त्यांचा आडवा भांग होता. झोपताना त्या उजव्या कुशीवर झोपायच्या. डावा कान कामाचा, तो मोकळा राहिला पाहिजे. कुणी हाक मारली की आधी डावा कान वळायचा, मग मान, आणि सगळ्यात शेवटी डोळे.

घर डहाणू गावातलं, जुन्या पद्धतीचं बैठं. पुढे ओटला, म्हणजे आपली ओसरी, ओटल्यावर झोपाळा, मागे माझी खोली. बेनचं माहेर, सासर, सगळं ते एकच घर. लग्न केलेलं नव्हतं. घरची भाषा गुजराती, बाजारातली मराठी, आणि इंग्रजी तारेवरची. शाळेत त्या इंग्रजी फार शिकल्या नव्हत्या. जी काही शिकल्या ती लोकांचे फोन जोडताना कानावर पडलेली. कारखान्याचे साहेब, बाहेरून आलेले इंजिनियर, कॉन्व्हेंटच्या सिस्टर, एक डॉक्टर ज्यांची बायको विलायतेला होती. एवढे सगळे त्यांचे मास्तर, आणि एकालाही पत्ता नव्हता की आपण शिकवणी घेतोय.

माझं गाव कासाच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. घरी भात आणि नाचणीची शेती. बारावी झाल्यावर समुद्रकिनाऱ्यावरच्या एका लॉजमध्ये रिसेप्शनला नोकरी लागली, आणि कुणीतरी बेनचा पत्ता दिला. मी पिशवी घेऊन ओटल्यापाशी उभी राहिले. बेननी मला नीट बघितलंही नव्हतं.

"जीपनं आलीस," त्या म्हणाल्या. "मागच्या बाजूला बसून."

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजात धूळ आहे. यू मस्टाव कम बाय जीप." मग मराठीत, "पाणी पी. खोली मागे आहे. पुरुष माणूस आणायचा नाही, आणि मोठ्यानं रेडिओ लावायचा नाही. बाकी काय करायचं ते कर."

ते 'मस्टाव' मला गुजराती वाटलं होतं.

त्याचा उलगडा पुढे दोनेक आठवड्यांनी झाला. लॉजवर मुंबईचं एक कुटुंब उतरलं होतं. वीज गेली आणि जनरेटरही बंद. साहेब तणतणत काउंटरवर आले. "यू कुड हॅव टोल्ड अस!" शाळेत आम्हाला शिकवलं होतं की 'कॅन' म्हणजे शकणे आणि 'कुड' हा त्याचा भूतकाळ. म्हणजे हा माणूस म्हणतोय की तू आम्हाला सांगू शकलीस. कौतुकच की! मी हसून म्हटलं, "येस सर, आय कुड."

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. मालकानं मला आत बोलावून घेतलं आणि पुढचं काय ते सुनावलं. काय चुकलं ते मात्र त्यालाही सांगता येईना. त्याचं म्हणणं एवढंच, की गिऱ्हाईक तापलेलं असताना हसायचं नाही.

संध्याकाळी मी बेनना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की झोपाळा तिरका झाला.

"दीकरी," डोळे पुसत त्या म्हणाल्या, "त्यानं कुड नाही म्हटलं. त्यानं कुडाव म्हटलं. कुडाव म्हणजे करता आलं असतं, पण केलं नाहीस. तो शिव्या देत होता, आणि तू वर हो म्हणालीस!"

बेनच्या लेखी हे सगळे एकसंध शब्द होते. मस्टाव, माइटाव, कुडाव, शुडाव, वुडाव. नवसारीला त्यांचा भाचा राहायचा, शाळेत शिकवायचा. त्यानं कधीतरी सांगितलं होतं की मावशी, ते दोन शब्द आहेत, दुसरा शब्द 'हॅव' आहे. बेननी ते मान्य केलं, पण मनापासून नाही. "लिहिताना असेल. बोलताना कुठे असतो? ह तर तारेतच गळून पडतो. इकडे पोचतं ते नुसतं आव." आणि मला दटावून सांगायच्या, "लॉजवर हॅव हॅव करू नकोस. कुणी बोलत नाही तसं. परीक्षेला बसल्यासारखं वाटतं."

मग रोज कामावरून आले की ओटल्यावर वर्ग भरायचा. पाटी नाही, पुस्तक नाही. बेन झोपाळ्यावर, मी उंबऱ्यावर, आणि रस्त्यावरून जाणारी-येणारी माणसं हा आमचा अभ्यास. समोरच्या घराला कुलूप दिसलं की बेन विचारायच्या, "कुठे गेली असतील?" मी म्हणायचे, "बाजारात गेली असतील." लगेच डावा कान माझ्याकडे.

"कोणतं असेल? मस्टाववालं, का माइटाववालं?"

ह्या एका प्रश्नानं त्यांनी मला वर्षभर छळलं. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे एकच 'असेल' आहे आणि आपण त्यात काहीही कोंबतो. गेली असेल म्हणताना मनात पुरती खात्री असते तेव्हाही असेल, आणि काडीची खात्री नसते तेव्हाही असेल. ऐकणाऱ्यानं काय समजायचं? दाराशी चपला नाहीत, थैली खुंटीला नाही, आज वार बाजाराचा, मग ते मस्टाव. पाहिलं नाही, पण दुसरं काही असूच शकत नाही. नुसतं तोंडाला आलं म्हणून बोललो, तर माइटाव. "मस्टाव बोलायला पुरावा लागतो," त्या म्हणायच्या. "माइटाव बोलायला नुसतं तोंड."

हळूहळू माझी मराठीही बिघडली. घरी गेले असताना आई म्हणाली, "तुझा बाप शेतावर गेला असंल," आणि मी विचारलं, "नक्की, का असंच?" आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "डहाणूला जेवतेस ना नीट?"

शुडावशी बेनचं जुनं वैर होतं. त्या म्हणायच्या, तारेवर सगळ्यात जास्त वाया गेलेला शब्द तो. एक साहेब होते. कोण, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. तारेवर ऐकलेलं माणसाच्या नावानिशी बाहेर काढायचं नाही हा त्यांचा नेम होता, आणि ज्यांच्याबद्दल बोलत ते केव्हाच वारलेले असले तरी तो मोडायचा नाही. तर ते साहेब आठवड्याला एकदा लांबच्या गावी बायकोला फोन लावायचे. "यू शुडाव रिटन. यू शुडाव टोल्ड मी. यू शुडाव आस्क्ड माय ब्रदर. मी सांगितलं, वेळ झाली. तर म्हणाले, वाढवा. मला वाटलं, आता तरी विचारील, तू कशी आहेस. वाढवून घेतलेल्या वेळात पण शुडाव! ती बिचारी तिकडे हं हं करतेय." बेन झोपाळ्याला पायानं रेटा द्यायच्या. "जे झालं नाही, ते व्हायला हवं होतं, हे सांगायला कुणी ट्रंक कॉल लावतं का?"

मी एकदा धीर करून विचारलं होतं, "बेन, तुम्ही लग्न का नाही केलं?"

"आय वुडाव," त्या सहज म्हणाल्या. केलं असतं.

"मग?"

"बघायला आले होते बिलिमोऱ्याचे. माणूस चांगला होता, माझ्यापेक्षा लाजरा. त्याच्या आईनं विचारलं, रातपाळी असते का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, नोकरी सोडावी लागेल. मी विचारलं, मग रात्रीचे फोन कोण जोडणार?" मग म्हणाल्या, "ते त्या बाईला उद्धटपणाचं वाटलं. मी खरंच विचारलं होतं."

हे त्यांनी आज हवा दमट आहे म्हणावं तशा आवाजात सांगितलं, आणि मला कोथिंबीर निवडायला बसवलं.

आता ती सकाळ सांगते. बेन म्हटलं की मला पहिली तीच आठवते.

माझा धाकटा भाऊ त्या वर्षी मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. आमच्याकडची बरीच पोरं जातात. त्याची बोट गोव्याकडची, आणि मासळीमागे ती पार दक्षिणेला गेली होती. दिवाळीनंतर समुद्रात वादळ झालं. बोटींचा पत्ता नाही असं टीव्हीवर सांगायला लागले. भावाचा फोन बंद. मालकाचा फोन लागायचा, पण तो म्हणायचा, शोध चालू आहे. आई-वडिलांना गावात राहवेना, तेव्हा ते पहिल्या जीपनं चारोटीला आणि तिथून माझ्याकडे आले. आई ओटल्यावर बसून राहिली. तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. वडील उभेच होते. बेन त्यांना बसा म्हणाल्या, तर ते ओटल्याच्या कडेला टेकले आणि पुन्हा उठले.

सकाळची नऊ-साडेनऊची वेळ असेल. माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून एक बाई भराभर इंग्रजीत बोलत होती. मागे कसले कसले आवाज, माणसं, भांडी, आणि तिचं बोलणं मला न ऐकलेल्या हेलाचं. भावाचं नाव तिनं घेतलं, ते कळलं. हॉस्पिटल, ते कळलं. आणि मग 'डाइड'. तेवढ्यात लाइन तुटली.

वर्षभर मी ओटल्यावर बसून जे घोकलं होतं, ते सगळं त्या एका शब्दानं पुसून टाकलं. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिनं जो हंबरडा फोडला तो अजून माझ्या छातीत आहे. वडील खाली बसले. शेजारच्या बायका धावत आल्या. कुणीतरी आईला धरलं, कुणीतरी रडायलाच लागलं.

बेन आतून आल्या. त्यांनी माझे दोन्ही खांदे पकडले.

"काय ऐकलंस?"

"भाऊ गेला, बेन."

"अर्थ नको सांगू. शब्द सांग. जसे आले तसे."

"डाइड म्हणाली."

"त्याच्या आधी काय? हॅज डाइड? मस्टाव डाइड? डोळे मीट. आवाज आठव, अर्थ आठवू नको."

मी डोळे मिटले. आई रडत होती, बायका बोलत होत्या. बेन मागे वळून ओरडल्या, "सगळे गप्प बसा! पोरीला ऐकू दे!" त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ओटला चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत मला ती बाई पुन्हा ऐकू आली.

"कुड," मी म्हटलं. "ही कुड... कुडाव डाइड."

बेनच्या हातांची पकड सैल झाली, पण चेहरा बदलला नाही. शेजारीण म्हणाली, "म्हणजे काय हो बेन? आहे ना पोरगा?"

"मी ऐकलेलं नाही," बेन म्हणाल्या.

पुढे कितीदा तरी मी ह्या उत्तराचा विचार केलाय. कुडाव डाइड म्हणजे मेला असता, म्हणजे वाचला. हे त्यांनी मला स्वतःच शिकवलं होतं. पण त्यांना हेही माहीत होतं, की लोक कुडाव दुसऱ्या तऱ्हेनंही बोलतात, कुणास ठाऊक, मेलाही असेल, अशा अर्थानं. कोणतं ते आवाजावरून कळतं, आणि तो आवाज माझ्या कानानं ऐकला होता, त्यांच्या नव्हे. आई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. एक हो म्हटलं असतं तर आईचा जीव भांड्यात पडला असता. त्या म्हणाल्या नाहीत.

"नंबर वाच," त्या मला म्हणाल्या. मी सुरुवातीचे आकडे वाचले, तर पुढचे वाचायच्या आतच त्या म्हणाल्या, "केरळ. किनाऱ्याचं गाव आहे. चल आत."

पुढच्या खोलीत त्यांचा घरचा फोन होता. त्या खुर्चीत ताठ बसल्या, पदर कानामागे सारला, आणि नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. मी, आई, वडील, शेजारणी, सगळे दारात. पलीकडे कुणीतरी उचललं, आणि बेनचा आवाज बदलला. घरातली म्हातारी नाहीशी झाली. "धिस इज डहाणू," त्या म्हणाल्या, स्वच्छ, सावकाश, जणू अख्खं गाव बोलतंय. भावाचं नाव, वॉर्डची सिस्टर, कृपा करून जोडा. मग डोळे मिटून थांबल्या.

सिस्टर आली. बेन ऐकत होत्या. मधे फक्त "येस... येस... आय सी." त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलत नव्हती. आईनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

मग बेन म्हणाल्या, "सिस्टर, प्लीज से अगेन. ही कुडाव डाइड. बट ही हॅज नॉट डाइड?"

रिसीव्हरमधून मोठं हसू ऐकू आलं, अगदी दारापर्यंत.

बेननी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. "जिवंत आहे. पाण्यात होता, दुसऱ्या बोटीवाल्यांनी काढला. पायाला लागलंय, बाकी काही नाही. सिस्टर म्हणते, मेला असता तर दुसऱ्यांदा भात कुणी मागून घेतला असता?"

आईनं माझा हात सोडला. बेन फोन कानालाच लावून होत्या. सिस्टरला त्यांनी सांगितलं की मुलाला फोनपाशी आणा, मी धरते. बराच वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "आली लाइन," आणि रिसीव्हर आईच्या हातात दिला.

आई नि भाऊ काय बोलले ते मी ऐकलं. बेननी नाही ऐकलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. मी मागून गेले, तर त्या चहाचं आधण ठेवत होत्या आणि साखरेचा डबा त्यांना उघडता येत नव्हता. मी डबा घेतला.

"लाइन खराब असली ना," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "की इकडचं तिकडे आम्ही बोलून सांगायचो. दोघांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही, मला दोघांचं यायचं. एकदा एका आईला तिच्या मुलाचं मला सांगावं लागलं. मधे कुडाव नव्हतं. मी तीनदा विचारून घेतलं, की असेल कुठेतरी. नव्हतं." चहा उकळून वर आला, त्यांनी गॅस बारीक केला. "त्या बाईचा आवाज ह्याच कानात आहे. जा, तुझ्या आईला चहा दे."

भाऊ लंगडत का होईना, पण घरी आला. बोटीवर पुन्हा गेला नाही. कासा ते डहाणू शेअरिंगच्या जीपवर लागला, आणि ह्या गोष्टीची वर्दी त्यानंच जीपमधून गावोगाव पोचवली. मग लोक यायला लागले. आमच्या पाड्यांतली पोरं-पोरी तोवर कुठे कुठे जाऊन पोचली होती. चेन्नईला कंपनीत, बंगळुरूला नर्सिंगला, कोचीला हॉटेलात. तिथून कुणीतरी इंग्रजीत फोन करायचं, आणि इकडे आई-बापांना एक शब्द कळायचा नाही. तलासरीहून, आशागडहून, कासाच्या पलीकडून माणसं मोबाइल पदरात बांधून बेनच्या ओटल्यावर येऊन बसायची. कुणी तांदूळ आणायचं, कुणी रानातली भाजी. बेन प्रत्येकाला एकच गोष्ट बजावायच्या, "मी सांगेन ते शब्दाला शब्द सांगेन. चांगलं करून सांगणार नाही, वाईट करून सांगणार नाही." मग फोन डाव्या कानाला. लांबण लावणाऱ्या बापाला मध्येच "तीन मिनिटं झाली." भाऊ म्हणायचा, डहाणूचं एक्स्चेंज पुन्हा चालू झालं.

ती त्यांची सगळ्यात सुखाची वर्षं होती असं मला वाटतं. मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले, तरी कामावरून येताना ओटल्यावर थांबल्याशिवाय घरी जात नसे.

तशीच एका दुपारी थांबले होते. तलासरीकडचा एक गृहस्थ आला होता, त्याच्या मुलाच्या कंपनीतून फोन होता. फोनचा स्पीकर चालू होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. कंपनीतला माणूस म्हणाला, "ही शुड हॅव जॉइन्ड ऑन मंडे." बेननी मान हलवली आणि त्या गृहस्थाला म्हणाल्या, "सोमवारी कामावर लागला तुमचा मुलगा."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. पण नाही.

"बेन," मी हळूच म्हटलं, "शुडाव म्हणाला तो."

त्यांनी डावा कान माझ्याकडे केला. "काय?"

मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. शुडाव. लागायला हवा होता. लागलेला नाही.

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. पण त्यांनी वेळ दवडला नाही. मोबाइल माझ्या हातात दिला. "परत लाव. तू ऐक." मी बोलले. मुलगा खरंच कंपनीत पोचलेला नव्हता. बाप घाबरला, मग इकडे तिकडे फोन केल्यावर तो वापीला मामाकडे तापानं पडलाय असं निघालं, सांगायला घाबरत होता एवढंच. बापाच्या जिवात जीव आला. तो निघायला लागला, तेव्हा बेननी त्याला थांबवलं.

"मला नीट ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

"अहो बेन, होतं असं..."

"नाही. माझ्याकडून नाही होत. म्हणून सांगते."

तो गेल्यावर त्या झोपाळ्यावर येऊन बसल्या. मग मला विचारलं, "किती दिवसांपासून असेल ग?" आणि लगेच स्वतःच म्हणाल्या, "मला माहीत आहे. गेला पावसाळा कौलांवर पडलेला मला ऐकू आला नाही. मी म्हटलं, ह्या वर्षी कमी आहे."

डॉक्टरांनी मशीन दिलं. बेननी ते थोडे दिवस लावलं आणि काढून डबीत ठेवलं. म्हणाल्या, हे सगळंच सारखं मोठं करतं, चमचा पण आणि माणूस पण. माणसाचं ऐकायचं तर बाकीचं बारीक करावं लागतं, ते ह्याला येत नाही. त्यानंतर जो कुणी मोबाइल घेऊन यायचा, त्याला त्या स्वतःच सांगायच्या, "माझा कान गेला. ही ऐकेल." मग मी खुर्चीत आणि त्या समोर झोपाळ्यावर. मी बोलत असताना त्या माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या, आणि माझं तोंड उतरलं की हातानं खूण करायच्या, घाई नको, शब्द बघ.

घरात एकटं राहणं पुढे त्यांना झेपेना. दाराची कडी वाजली तरी कळायची नाही. गॅसवर दूध उतू जायचं. नवसारीच्या भाच्यानं खूप आग्रह केला. तो भला माणूस, त्याची बायकोही मायाळू. शेवटी बेन हो म्हणाल्या. निघायच्या दिवशी पाड्यांवरून बरीच माणसं आली. कुणी बोचकी बांधली, कुणी झोपाळा सोडला. माझी आई आली होती. ती आणि बेन दोघीच आत बसल्या होत्या. आई बोलत होती, बेनना काही ऐकू येत नव्हतं, आणि दोघी एकमेकींचा हात धरून माना हलवत होत्या.

माझ्या मुलीची परीक्षा होती म्हणून मला जाता आलं नाही. भाऊच जीपनं सोडायला गेला. बेन पुढच्या सीटवर बसल्या, पर्स मांडीवर, पाठ ताठ. जीप तलासरीच्या दिशेनं गेली. मी रिकाम्या ओटल्याकडे न बघता घरी आले.

भाऊ संध्याकाळी परतला. मी त्याला जेवायला वाढलं. जेवता जेवता तो मधेच हसायला लागला.

"काय झालं?"

"ताई, म्हातारी पूर्ण रस्ता इंग्रजीत बोलली. तलासरी गेली, बॉर्डर गेली, वापी गेली, थांबायलाच तयार नाय."

"इंग्रजीत? तुझ्याशी?"

"माझ्याशीच. दुसरा कोन होता?"

"मग तू काय केलंस?"

"मी काय करनार? हा हा करत होतो. तिला माझा हा पन ऐकू येत नव्हता."

"काय सांगत होती?"

"काय म्हाइत. मधी मधी नुसतं आव आव ऐकू यायचं." त्यानं भातावर आमटी ओतून घेतली. "पन खूश होती लय. वलसाडला चहाला थांबलो तवा एकदम गप झाली. मला वाटलं, रडते का काय. बघितलं, तर माझ्याकडं बघून हसली, चहा संपवला, आनि परत सुरू."